एच. एम. भाटियांचे शोधनिबंध आणि रक्तपेढीतली ओ पेशींची नळी

३ मे १९५२ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पान ९०३-९०४ वर एक आखूड निबंध छापून आला. लेखक सात. पहिले तिघे मुंबईचे, परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातले: वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. पुढचे चौघे लंडनचे: रूथ सँगर आणि रॉबर्ट रेस हे रक्तगटांचे जाणकार, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे जीवरसायनशास्त्रज्ञ. विषय होता तीन माणसांचं रक्त. चाचणीत ते ओ गटाचं दिसत होतं, पण त्यांचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होतं. त्यालाच आज आपण बॉम्बे रक्तगट म्हणतो.

भाटियांचं नाव त्या यादीत तिसरं आहे. पुढची कित्येक वर्षं ते याच प्रश्नावर आणि त्याच्या शेजारच्या प्रश्नांवर लिहीत राहिले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं रक्तगट संदर्भ केंद्र १९५७ साली परळला सुरू झालं, ते त्यांनी वाढवलं. त्याचीच पुढे इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था झाली, जी आजही के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात आहे. एखाद्या संशोधकाची प्रकाशनांची यादी समोर आली की लोक आधी निबंधांचा आकडा आणि संदर्भांची संख्या बघतात. भाटियांच्या यादीचा तसा उपयोग करणं मला फुकट घालवल्यासारखं वाटतं. रक्तपेढीत काम करणाऱ्याने ती हातात नळी धरून वाचावी, कारण यातला जवळपास प्रत्येक निबंध टेबलावरच्या एखाद्या पायरीला येऊन भिडतो.

आधी मूळ रचना. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाच्या गॅलॅक्टोजला फ्यूकोज ही साखर जोडली गेली की एच अँटीजेन (पेशीवरची ओळखखूण) तयार होतो. ए गटाचं एन्झाइम त्या एचवर एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसअमाइन चढवतं, बी गटाचं एन्झाइम गॅलॅक्टोज चढवतं. ओ गटात काहीच चढत नाही, एच उघडाच राहतो. म्हणून ओ पेशींवर एच सर्वांत जास्त, मग ए-टू (ए गटाचे ए-वन आणि ए-टू असे उपप्रकार आहेत), बी, ए-टू-बी, ए-वन असा उतरत जातो आणि ए-वन-बी वर सर्वांत कमी. ज्या माणसात फ्यूकोज जोडणारं एन्झाइमच बनत नाही त्याच्या पेशीवर एच नाही. मग त्याच्याकडे ए किंवा बी चा जनुक धडधाकट असला तरी त्या एन्झाइमला काम करायला जागाच उरत नाही. अशा माणसाच्या शरीराला एच परका असतो, त्यामुळे त्याच्या सीरममध्ये ए आणि बी विरुद्धच्या अँटीबॉडींबरोबर, म्हणजे अँटी-ए आणि अँटी-बी बरोबर, अँटी-एच सुद्धा असते. ही अँटी-एच मुख्यतः आयजीएम या अँटीबॉडी जातीची, ३७ अंशांवर (शरीराच्या तापमानाला) काम करणारी आणि कॉम्प्लिमेंट ही रक्तातली प्रथिनं ओढून पेशी फोडणारी. ओ गटाची पिशवी चढवली तर दिलेल्या पेशी रक्तवाहिनीतच फुटतात: थंडी, कंबरदुखी, लालसर-काळी लघवी, रक्तदाब खाली आणि मूत्रपिंड धोक्यात.

आता टेबलाकडे येऊ, कारण १९५२ चा शोध जिथे लागला तिथेच तो आजही चुकतो.

रक्तगट दोन बाजूंनी बघायचा असतो. सेल ग्रुपिंगमध्ये रुग्णाच्या पेशींवर अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-एबी टाकायचं. सीरम ग्रुपिंगमध्ये रुग्णाच्या सीरमवर ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशी टाकायच्या. बॉम्बे गटाच्या माणसाचं सेल ग्रुपिंग हुबेहूब ओ सारखं येतं: तिन्ही नळ्या निगेटिव्ह. सीरम ग्रुपिंगमध्ये ए पेशी ४+ (सर्वांत जोरदार गुठळी), बी पेशी ४+, इथपर्यंतही ओ सारखंच. फरक फक्त तिसऱ्या नळीत दिसतो. ओ पेशींची नळी खऱ्या ओ माणसात निगेटिव्ह असते, बॉम्बेत ४+. ही एक नळी लावली नाही, तर बाकी सगळं काम कितीही चोख केलं तरी उत्तर ‘ओ’ असंच येणार.

आणि ही नळी सहज वगळली जाते. काचपट्टीवर नुसतं सेल ग्रुपिंग करून गट लिहिला जातो, हे एक कारण. दुसरं कारण नवं आहे आणि जास्त फसवं आहे. जेल कार्डांमध्ये, म्हणजे नळीऐवजी वापरायच्या जेल भरलेल्या कार्डांमध्ये, सहा कप्प्यांची रचना बहुतेक वेळा ए, बी, डी, कंट्रोल, ए-वन पेशी आणि बी पेशी अशी असते. म्हणजे कार्डावर दोन्ही बाजूंनी ग्रुपिंग झाल्याचं समाधान मिळतं, पण ओ पेशींना कप्पाच नसतो. कार्ड वापरणाऱ्या प्रत्येक रक्तपेढीने ओ पेशी वेगळ्या नळीत किंवा न्यूट्रल (रिएजंट नसलेल्या) कार्डात लावल्याच पाहिजेत, याबाबत माझं मत अगदी ठाम आहे. दात्यांची तीन पेशींची अँटीबॉडी स्क्रीनिंग होत असेल तर त्या तिन्ही पेशी ओ गटाच्याच असतात, म्हणून तिथे गोष्ट पकडली जाते. जिथे स्क्रीनिंग होत नाही तिथे उरतो फक्त क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचं सीरम आणि पिशवीतल्या पेशी जुळवून बघणं. ओ गटाच्या एकामागून एक सगळ्या पिशव्या जुळत नाहीत, तेही सलाईनच्या पहिल्याच फिरकीत ४+ येतंय, असं दिसलं की पहिला विचार बॉम्बेचा करा. अपघाताच्या रुग्णाला क्रॉसमॅच न करता ओ ची पिशवी द्यायची वेळ येते, तेव्हा हा शेवटचा अडसरही निघून जातो.

नळीची पद्धत साधीच आहे, पण प्रमाण पाळा. तीन वेगवेगळ्या ओ दात्यांच्या पेशी एकत्र करा, सलाईनने तीनदा धुवा, २ ते ५ टक्क्यांचं सस्पेन्शन करा. रुग्णाच्या सीरमचे दोन थेंब, पेशींचा एक थेंब, १००० फेऱ्यांवर एक मिनिट सेंट्रिफ्यूज. नळी हलवण्याआधी वरच्या द्रवाकडे बघा. तो गुलाबी झाला असेल तर पेशी फुटल्यात आणि ती पॉझिटिव्ह रिॲक्शनच आहे, भले खाली गुठळी दिसत नसो. बॉम्बे सीरममध्ये हे होतं आणि नवशिका हात ती नळी निगेटिव्ह म्हणून वाचतो. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीतला प्लाझ्मा वापरलात तर कॅल्शियम बांधलं गेल्याने कॉम्प्लिमेंट चालत नाही आणि पेशी फुटताना दिसत नाहीत. गुठळी मात्र दिसते. म्हणून शंका असेल तेव्हा दोन्ही नमुने घ्या.

ओ पेशी पॉझिटिव्ह आल्या म्हणजे लगेच बॉम्बे म्हणून मोकळं व्हायचं नाही. चार गोष्टी तसंच चित्र उभं करतात. पहिली, रुलो: प्रथिनं वाढलेल्या रुग्णात पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात. सीरम काढून तेवढंच सलाईन टाकलं की त्या सुटतात, खरी गुठळी सुटत नाही. दुसरी, थंड ऑटोअँटीबॉडी, बहुधा अँटी-आय. इथे रुग्णाच्या सीरमवर त्याच्याच पेशी टाकलेली ऑटो कंट्रोलची नळीही पॉझिटिव्ह येते आणि ३७ अंशांवर रिॲक्शन ढेपाळते. बॉम्बेत ऑटो कंट्रोल स्वच्छ निगेटिव्ह असतो. तिसरी, अँटी-एम किंवा अँटी-लुइससारखी एखादी अनियमित अँटीबॉडी. ती पॅनेलच्या, म्हणजे ओळखीच्या ओ पेशींच्या संचातल्या, काही पेशींशी रिॲक्शन देते, काहींशी नाही. बॉम्बे सीरम पॅनेलच्या झाडून सगळ्या पेशींशी सारख्याच जोरात देतं. चौथी, ए-वन किंवा ए-वन-बी माणसातली अँटी-एच किंवा अँटी-एच-आय. ती थंड तापमानाची, दुबळी, आणि त्या माणसाचं सेल ग्रुपिंग ए किंवा एबी असं ठळक येतं, म्हणून गोंधळ व्हायचं खरं तर कारण नाही.

मग येतो निर्णय देणारा रिएजंट: उलेक्स युरोपियस या काटेरी झुडपाच्या बियांतून काढलेलं अँटी-एच लेक्टिन, म्हणजे एचला पकडणारं प्रथिन. पिवळ्या फुलांचं हे झुडूप निलगिरीत भरपूर पसरलेलं आहे, तिथे ते उपद्रवी मानलं जातं. लेक्टिनने ओ पेशी जोरात गुठळतात, बॉम्बे पेशी अजिबात नाहीत. यात सर्वाधिक चूक होते ती कंट्रोलमध्ये. बाटली जुनी झाली, किंवा फ्रिजच्या दारात राहून तिचा जोर गेला, तर खरा ओ सुद्धा निगेटिव्ह येईल आणि तुम्ही त्याला बॉम्बे ठरवाल. म्हणून दर वेळी ओ पेशी आणि ए-टू पेशी पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लावा. ए-वन-बी पेशींची रिॲक्शन मंद येते, ती लावल्याने बाटलीचा जोर किती आहे याचा अंदाज येतो. ओळखीच्या बॉम्बे दात्याच्या पेशी गोठवून ठेवलेल्या असतील तर निगेटिव्ह कंट्रोल म्हणून त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

नवजात बाळाचं वेगळं आहे. साधारण चार महिन्यांपर्यंत बाळाच्या स्वतःच्या अँटीबॉडी तयार झालेल्या नसतात, सीरम ग्रुपिंगला अर्थच नसतो. त्यात बाळाच्या पेशींवर एच मुळातच कमी असतो. बॉम्बे कुटुंबातल्या बाळाला लेक्टिन लावून ‘बहुधा ओ’ किंवा ‘बहुधा बॉम्बे’ एवढंच लिहा आणि वर्षाने पुन्हा तपासा.

इथपर्यंत १९५२ चा निबंध. पुढची पायरी भाटियांच्या यादीच्या बाहेर आहे, पण तिच्याशिवाय यादी कळत नाही. १९५५ साली फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी ‘ब्लड’मध्ये इटालियन वंशाच्या एका अमेरिकन स्त्रीचं घराणं मांडलं. ती ओ दिसायची, पण तिला आईवडिलांकडून बी चा जनुक आला होता आणि तो तिने आपल्या मुलीला दिला होता. बी चा जनुक हरवलेला नाही, दुसऱ्या एका अप्रभावी जनुकजोडीने त्याला झाकलंय, हे यातून सिद्ध झालं. एबीओ आणि एच या दोन वेगळ्या जागा आहेत ही गोष्ट इथे पक्की झाली. आज आंतरराष्ट्रीय यादीत एबीओचा क्रमांक १ आणि एचचा १८ आहे. पितृत्वाच्या तक्रारी हाताळणाऱ्यांनी हा निबंध जरूर लक्षात ठेवावा. ओ दिसणाऱ्या आईला आणि ओ वडिलांना बी गटाचं मूल झालं, तर कोणावर संशय घेण्याआधी आईचे अँटी-एच बघा.

मग १९६२ साली ‘व्हॉक्स सँग्विनिस’मध्ये भाटिया आणि एल. डी. संघवी यांचा दुर्मिळ रक्तगट आणि नात्यातले विवाह यांवरचा निबंध आला. हा मला पूर्ण यादीतला सर्वांत उपयोगी वाटतो. बॉम्बे गट व्हायला दोन्हीकडून सदोष प्रत लागते, म्हणजे जवळच्या नात्यात लग्न होणाऱ्या घरांत तो जास्त दिसणार. किती जास्त, हे स्वतः हिशेब करून बघण्यासारखं आहे. भाटिया आणि एम. एस. साठे यांच्या १९७४ च्या निबंधात मुंबईतलं प्रमाण सुमारे ७६०० त एक असं दिलंय. ७६०० चं वर्गमूळ सुमारे ८७. म्हणजे लोकसंख्येतल्या जनुकांपैकी ८७ त एक सदोष, आणि एक सदोष प्रत घेऊन फिरणारे निरोगी वाहक साधारण ४४ माणसांत एक. हा आकडा ऐकून लोक चकित होतात. आता मामेबहीण-आतेभाऊ असं लग्न घ्या. अपत्याला दोन्ही बाजूंनी एकाच पूर्वजाची तीच प्रत मिळण्याची शक्यता १६ त एक असते. ती ८७ त एकशी गुणा, त्यात नेहमीची शक्यता मिळवा, उत्तर येतं सुमारे १२०० त एक. म्हणजे सहापटीहून अधिक. मामा-भाचीच्या लग्नात पूर्वजाची शक्यता ८ त एक, म्हणून उत्तर साधारण ६५० त एक. हा हिशेब सगळी मुंबई एकच लोकसमूह धरून केलाय. प्रत्यक्षात लग्नं जातीत-पोटजातीत होतात, काही समूहांत सदोष प्रत जास्त असते आणि काहींत जवळपास नसतेच, तेव्हा हे आकडे सरासरीचे समजा.

याचा व्यवहारात उपयोग असा. बॉम्बे गटाचा रुग्ण सापडला की दाता शोधायला समाजमाध्यमांवर संदेश फिरवण्याआधी त्याची सख्खी भावंडं तपासा. प्रत्येक भावंडाला बॉम्बे असण्याची शक्यता चारात एक आहे. बाहेरच्या हजारो अनोळखी माणसांपेक्षा घरातली तीन भावंडं केव्हाही बरी. आईवडील नात्यातले असतील तर चुलत-मावस भावंडंही बघा.

१९७४ च्या निबंधातला ७६०० हा आकडा सर्रास उद्धृत होतो, पण तो वाचताना छेद, म्हणजे कोणत्या माणसांपैकी हे प्रमाण आहे, ते बघायची सवय हवी. कुणाची तपासणी झाली: रक्तदात्यांची, की संदर्भ केंद्राकडे शंका म्हणून आलेल्या नमुन्यांची? दात्यांचा छेद असेल तर प्रमाण काढता येतं. शंकास्पद नमुन्यांचा असेल तर फक्त यादी बनते, प्रमाण नाही. याच संस्थेतल्या साठे, वसंता, म्हैसाळकर आणि गोरक्षकर यांनी १९८८ मध्ये बॉम्बे गटाची भारतातली विभागणी मांडली, त्यात बहुसंख्य माणसं महाराष्ट्रातली, मग कर्नाटक, गोवा वगैरे. महाराष्ट्रात हा गट जास्त आहे यात वाद नाही. पण नमुने ओळखणारी प्रयोगशाळा परळला असताना परळच्या जवळचे नमुने जास्त पोचणार, हेही तितकंच खरं. एखाद्या राज्यात ‘बॉम्बे नाहीच’ असं दिसलं तर तिथे ओ पेशींची नळी लावतात का, हे आधी विचारावं. भारतीय वंशाचे लोक जिथे गेले तिथे मात्र हा गट ठळक सापडलाय: दक्षिण आफ्रिकेत नाताळच्या भारतीयांमध्ये, आणि हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर.

यादीतला आणखी एक महत्त्वाचा धागा पॅरा-बॉम्बेचा. १९६७ मध्ये भाटिया आणि सॉलोमन यांनी अशा माणसांवर लिहिलं, ज्यांच्या पेशींवर एच जवळपास नाही, पण लाळेत आहे. याचं उत्तर बऱ्याच नंतर मिळालं. फ्यूकोज जोडणारे जनुक दोन आहेत: एफयूटी-१ लाल पेशींसाठी, एफयूटी-२ लाळ आणि इतर स्रावांसाठी. दोन्ही १९ व्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून. एफयूटी-१ चा क्रम जॉन लोव यांच्या प्रयोगशाळेने १९९० मध्ये शोधला. १९९७ मध्ये योशिरो कोडा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की भारतीय बॉम्बेत एफयूटी-१ मध्ये ७२५ व्या जागी टी ऐवजी जी असतो आणि सोबतचा एफयूटी-२ जनुक उडालेला असतो. दोन्ही बिघाड एकाच गुणसूत्रावर शेजारी असल्याने ते जोडीनेच वारशात येतात. म्हणून आपल्याकडच्या खऱ्या बॉम्बे माणसाच्या लाळेतही एच नसतो. पॅरा-बॉम्बेत एफयूटी-१ बिघडलेला, पण एफयूटी-२ शाबूत.

त्यामुळे लाळेची चाचणी हा फरक करायचा सोपा मार्ग आहे. तोंड धुऊन दोन-तीन मिली लाळ घ्या, त्याआधी तंबाखू-सुपारी-च्युइंगम काही नको. नळी उकळत्या पाण्यात आठ-दहा मिनिटं ठेवा. ही पायरी गाळली तर लाळेतली एन्झाइम्स रक्तगटाचे पदार्थच खाऊन टाकतात आणि एच असूनही नाही असं उत्तर येतं. सेंट्रिफ्यूज करून वरचा स्वच्छ द्रव घ्या. लेक्टिन सलाईनमध्ये इतकं पातळ करा की ओ पेशींशी जेमतेम २+ रिॲक्शन येईल. जोरदार लेक्टिन वापरलं तर लाळेतला एच त्याला पुरा पडत नाही आणि सगळे नमुने ‘एच नाही’ असेच दिसतात. या चाचणीतली ही सर्वांत मोठी चूक आहे. पातळ लेक्टिन आणि लाळ समप्रमाणात मिसळून दहा मिनिटं ठेवा, मग ओ पेशी टाका. गुठळी झाली नाही, तर लाळेतल्या एचने लेक्टिन शोषून घेतलं: एच आहे. गुठळी झाली, तर एच नाही. सोबत ओळखीच्या सिक्रीटरची (लाळेत एच असणाऱ्याची) लाळ, नॉन-सिक्रीटरची लाळ आणि नुसतं सलाईन, हे तीन कंट्रोल हवेतच.

पॅरा-बॉम्बेच्या पेशींवर दडलेला ए किंवा बी शोधायला ॲडसॉर्प्शन-इल्यूशन, म्हणजे पेशींवर अँटीबॉडी चिकटवून ती पुन्हा सोडवणं, करावं लागतं. धुतलेल्या घट्ट पेशी आणि अँटी-ए किंवा अँटी-बी समप्रमाणात, ४ अंशांवर एक तास. मग गार सलाईनने निदान चार-पाचदा धुणं, आणि शेवटच्या धुण्याचं पाणी जपून ठेवणं. पेशींवर तेवढंच सलाईन टाकून ५६ अंशांवर दहा मिनिटं हलवत ठेवायचं, लगेच सेंट्रिफ्यूज करून इल्यूएट (सुटलेली अँटीबॉडी असलेला द्रव) वेगळं करायचं. इल्यूएट आणि शेवटचं धुणं दोन्ही शेजारी शेजारी तपासा. धुण्याचं पाणीच पॉझिटिव्ह आलं तर धुणं कमी पडलंय, इल्यूएटच्या निकालाला काही किंमत नाही.

भाटियांचं नाव फक्त एचशी बांधलेलं नाही. १९७३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये बडाकेरे, जोशी, भाटिया आणि सहकाऱ्यांनी भारतीय लोकांतल्या एका नव्या अँटीजेनची प्राथमिक नोंद छापली. त्याचं नाव इंडियन-ए. त्याचा जोडीदार इंडियन-बी १९७५ मध्ये पक्का झाला. पुढे कळलं की दोन्ही सीडी-४४ या रेणूवर बसतात, जो पांढऱ्या पेशींच्या हालचालींत आणि चिकटण्यात काम करतो. म्हणजे रक्तपेढीतला शोध थेट इम्युनॉलॉजीत गेला. टेबलावर याचा उपयोग आहे. ज्याच्याकडे इंडियन-बी नाही आणि त्याविरुद्ध अँटीबॉडी आहे, त्याचं सीरमही पॅनेलच्या जवळपास सगळ्या पेशींना पकडतं आणि ऑटो कंट्रोल निगेटिव्ह देतं. पेशींना पपेन हे एन्झाइम लावून पुन्हा बघा. इंडियन अँटीजेन पपेनने नष्ट होतात, रिॲक्शन गायब होते. अँटी-एचची रिॲक्शन उलट वाढते. दहा मिनिटांच्या कामात दोन दुर्मिळ गोष्टी वेगळ्या होतात.

इम्युनॉलॉजीचा दुसरा धागा १९९२ मध्ये जुळला. ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये एत्झिओनी आणि सहकाऱ्यांनी इस्रायलमधल्या दोन मुलांचं वर्णन केलं. वारंवार जिवाणूसंसर्ग, पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या, तरी जखमेत पू नाही, वाढ आणि बुद्धी खुंटलेली, आणि रक्तगट बॉम्बे. या मुलांत फ्यूकोज पेशीच्या गॉल्जी यंत्रणेत पोचवणारा वाहकच बिघडलेला असतो, त्यामुळे एचच काय, पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरायला लागणारा सायलिल लुइस-एक्स सुद्धा बनत नाही. नेहमीचा बॉम्बे माणूस पूर्ण निरोगी असतो, त्याला यातलं काही होत नाही. पण सतत न्यूमोनिया होणाऱ्या, पांढऱ्या पेशी कायम चढलेल्या बाळाचा गट बॉम्बे निघाला, तर बालरोगतज्ज्ञाला फोन करा, अहवाल पाठवून थांबू नका.

हे निबंध शोधायचे असतील तर थोडी युक्ती लागते. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या संकेतस्थळावर आडनाव आणि आद्याक्षरं टाकली की त्याच आद्याक्षरांचे दुसरे भाटियाही येतात, तेव्हा सोबत ‘ब्लड ग्रुप’ जोडा. १९६६ पूर्वीच्या नोंदींना सारांश क्वचितच असतो, शीर्षकावरूनच निवड करावी लागते. नुसतं ‘बॉम्बे’ टाकलं तर शहराच्या नावाखाली असंबद्ध ढीग येतो. ‘बॉम्बे फेनोटाइप’, ‘पॅरा-बॉम्बे’, ‘एच-डेफिशियंट’, ‘एफयूटी-१’ असे वेगवेगळे शोध घ्या. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं, रक्तगटाचं बदललेलं नाही. ओ आणि लहान एच अशी जी जुनी खूण आहे, ती स्कॅन केलेल्या प्रतींत कधी कधी शून्य आणि एच अशी उमटते, तोही शोध करून बघावा. प्राथमिक नोंद सापडली की तिथेच थांबू नका, तिचा पुढचा निबंध शोधा. नव्या अँटीजेनच्या बाबतीत पहिली नोंद बहुधा अपुरी असते.

शेवटी नमुना पाठवण्याबद्दल, कारण संदर्भ प्रयोगशाळेचा निम्मा वेळ यातच जातो. ईडीटीएमध्ये ५ मिली आणि साध्या नळीत १० मिली, रक्त चढवण्याआधी काढलेलं. बर्फाच्या पाकिटांसोबत २ ते ८ अंशांवर पाठवा, नळी बर्फाला थेट चिकटू देऊ नका, नाहीतर पेशी फुटून नमुना वाया जातो. चिठ्ठीत निदान, हिमोग्लोबिन, आधी रक्त चढवलंय का आणि कधी, बाळंतपणं किती, आणि तुमच्याकडच्या प्रत्येक नळीचा निकाल ४+, २+ असा लिहा. ‘ग्रुपिंगमध्ये अडचण’ एवढ्याने काही कळत नाही. भावंडांचे नमुने त्याच खोक्यात, नातं लिहून पाठवा. निदान पक्कं झालं की रुग्णाच्या कार्डावर आणि संगणकातल्या नोंदीत ‘ओ पॉझिटिव्ह’ खोडून ‘बॉम्बे, फक्त बॉम्बे रक्त द्यावे’ असं लिहा. बॉम्बे दात्याच्या पिशवीवरही तेच हवं, नाहीतर ती ओ च्या रांगेत जाऊन भलत्याच रुग्णाला चढते आणि एक दुर्मिळ पिशवी संपते. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर रुग्णाचं स्वतःचं रक्त आधी साठवता येतं: सीपीडीए-१ या साठवणीच्या द्रावणात ३५ दिवस, सॅगएम या द्रावणात ४२. ग्लिसरॉलमध्ये उणे ६५ अंशांखाली गोठवलेल्या पेशी दहा वर्षं टिकतात. बॉम्बे आणि त्यात आरएच निगेटिव्ह असेल, तर गोठवण्याचा विचार पहिल्याच दिवशी करा.